दोन गाड्यांमधली मोकळी जागा

सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास केशवापुरातून स्टेशनकडे निघालेल्या वाहनांची रांग पाहिली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. रिक्षाचे नाक पुढच्या मोटारीच्या पाठीला टेकलेले असते, आणि त्या दोहोंच्या फटीत एखादी स्कूटर आपले चाक घालण्याच्या खटपटीत असते. कोणी सज्जनाने पुढच्या गाडीपासून दोन हात अंतर राखलेच, तर मागचा भोंगा वाजवून त्याला त्याच्या आळसाची जाणीव करून देतो. रस्त्यातली मोकळी जागा म्हणजे बेवारस जमीन, जो आधी पोहोचेल त्याची, अशी आपली समजूत झालेली आहे. ही जागा मोकळी का ठेवावयाची, ती किती असावी, आणि हे माणसाला प्रथम केव्हा सुचले, याचा इतिहास आपण आज पाहणार आहोत. तो बराचसा रुळांवर घडलेला आहे; आणि हुबळी हे तर रेल्वेचेच गाव!

रेल्वे येण्यापूर्वी या प्रश्नाचे अस्तित्वच नव्हते. धारवाडकडचा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदराला जात असे. म्हणूनच परदेशच्या बाजारात त्या कापसाला कुमठ्याचेच नाव पडले. गाड्यांच्या त्या लांबच लांब माळेत मागच्या बैलाचे तोंड पुढच्या गाडीतल्या कडब्याला लागलेले असले, तरी त्यातून अनर्थ होत नसे. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल जागा असे, आणि पुढची गाडी थांबली की तो आपणहून थांबे. गती माणसाच्या चालीएवढी, आणि वाहनाला स्वतःचे डोळे. यंत्राने वेग दिला, पण डोळे मात्र चालकाच्या भरवशावर सोडले.

आगगाडीला ब्रेक लावल्यावरही ती शेकडो यार्ड पुढे जाते. चालकाला पुढची गाडी दिसेपर्यंत पुष्कळदा वेळ टळून गेलेली असते. म्हणून इंग्लंडातल्या आरंभीच्या रेल्वे कंपन्यांनी एक सोपा तोडगा काढला. एक गाडी सुटल्यावर ठरावीक मिनिटे जाऊ द्यावीत, मग दुसरी सोडावी. वरवर पाहता ही व्यवस्था निर्दोष वाटते. तिच्यात एकच उणीव होती. घड्याळ पाहणाऱ्याला एवढेच कळे की पुढची गाडी केव्हा निघाली. ती आता कोठे आहे, हे घड्याळ सांगत नसे.

२५ ऑगस्ट १८६१ रोजी, रविवारी, ब्रायटनहून लंडनकडे तीन गाड्या लागोपाठ निघाल्या. त्यांच्यात पाच मिनिटांचे अंतर हवे होते. प्रत्यक्षात पहिल्या दोहोंत तीन व पुढच्या दोहोंत चार मिनिटेच राहिली. वाटेतल्या क्लेटन बोगद्यापुरती तारायंत्राची सोय होती, आणि बोगद्यात एका वेळी एकच गाडी असावी असा दंडक होता. दुसऱ्या गाडीच्या चालकाला बोगद्यात शिरता शिरता लाल निशाण ओझरते दिसले. त्याने आत गाडी थांबवली, आणि चौकशीसाठी तो ती मागे आणू लागला. इकडे सिग्नलवाल्याने पलीकडच्या टोकाला तारेने विचारले, बोगदा मोकळा आहे काय? पलीकडून होकार आला. तो पहिल्या गाडीविषयी होता. याने तो दुसरीविषयी मानला आणि तिसरी गाडी आत सोडली. तेवीस माणसे मृत्यू पावली, पावणेदोनशेंहून अधिक जखमी झाली. तो सिग्नलवाला त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या कामावर होता, ही गोष्ट त्याला दोष देताना विसरून चालणार नाही.

एवढे झाल्यावर तरी कंपन्यांनी धडा घ्यावा! तारेची यंत्रे आणि जादा नोकर यांचा खर्च पुष्कळांना परवडेना, आणि मिनिटे मोजण्याची पद्धत कित्येक मार्गांवर पुढे अठ्ठावीस वर्षे चालू राहिली. अखेर १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ तिचा शेवट झाला, तो भयंकर रीतीने. रविवारच्या शाळेतली मुले सहलीला निघाली होती. गाडी फार भरलेली; चढावर इंजिनाची शक्ती संपली. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यावा असे ठरले, आणि मागच्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावण्यात आले. इंजिन किंचित मागे सरकले, त्या धक्क्याने दगड निसटले, आणि माणसांनी भरलेले डबे उतारावरून मागे घरंगळू लागले. मागून ठरलेली मिनिटे जाऊ देऊन, नियमाप्रमाणे सोडलेली दुसरी गाडी येतच होती. सुमारे ऐंशी जण दगावले, आणि त्यांत मुले पुष्कळ होती. सहलीच्या दिवशी मुलांची डोकी पुनःपुन्हा मोजणाऱ्या आम्हां शिक्षकांना हा मजकूर शांतपणे वाचवत नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या मार्गांवर नवी पद्धत सक्तीची केली. मार्गाचे तुकडे पाडावयाचे, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी तुकड्याबाहेर गेल्याची खात्री पटेपर्यंत मागची जागची हलावयाची नाही, मग दहा मिनिटे लागोत की दोन तास. काळाचे अंतर गेले, जागेचे अंतर आले. त्याच कायद्याने आपोआप लागणारे ब्रेकही आणले, म्हणजे गाडी तुटली तर सुटे डबे जागच्या जागी थांबावेत.

आपल्या मुलखात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ याच दशकात पडत होते. हुबळीचा कारखाना १८८५ सालचा. दक्षिणेकडच्या एकेरी मार्गांवर पुढे हा नियम गोळ्याच्या रूपाने चालकाच्या हाती आला. दोन स्थानकांतली यंत्रे तारेने जोडलेली असत, आणि दोन्हीकडच्या मास्तरांच्या संमतीवाचून त्यांतून पोलादी गोळा बाहेर पडत नसे. एक बाहेर असताना दुसरा निघतच नसे. चामडी पिशवीत घातलेला तो गोळा मोठ्या कड्याला अडकवून फलाटावर उभा असलेला माणूस, आणि धावत्या इंजिनातून हात काढून ते कडे अलगद उचलणारा चालक, हे दृश्य जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. ‘पुढचा रस्ता तुझा आहे’ हे वाक्यच जणू त्या गोळ्याच्या रूपाने हातात पडत असे.

तथापि नियम कितीही चोख असला, तरी तो पाळणारा माणूसच असतो. २२ मे २०१२ रोजी पहाटे हुबळीहून बंगळूरकडे निघालेली हंपी एक्सप्रेस आंध्रातल्या पेनुकोंडा स्थानकात उभ्या मालगाडीवर मागून आदळली, आणि पंचविसाच्या आसपास माणसे गेली. सिग्नल धोक्याचा असूनही गाडी पुढे गेली होती. चालकाने सिग्नल ओलांडला तर आपणहून ब्रेक लावणारी ‘कवच’ ही यंत्रणा रेल्वे आता टप्प्याटप्प्याने बसवीत आहे. बैलाचे डोळे यंत्राला परत द्यावयाचेच हे काम, दुसरे काय!

रस्त्यावर मात्र ना गोळा, ना सिग्नलवाला. तेथे अंतर राखण्याची सारी जबाबदारी कायद्याने चालकावर टाकली. १९८९ च्या नियमांत म्हटले होते की, पुढचे वाहन एकाएकी मंदावले किंवा थांबले तर टक्कर टळावी इतके पुरेसे अंतर ठेवावे. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. पण ‘पुरेसे’ म्हणजे किती? अमेरिकेत पाइप्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३ साली तेथल्या एका चालू सूत्रावरून गणित मांडले. वेग ताशी दहा मैलांनी वाढला की मोटारीच्या एका लांबीएवढे अंतर वाढवावे, असे ते सूत्र. पुढे त्याहून सोपा, दोन सेकंदांचा नियम रूढ झाला.

गावातल्या संथ गतीला हे कशाला, असे कोणी म्हणेल. ताशी वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. पुढचे दिवे लाल झालेले पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात एका मोटारीच्या लांबीहून अधिक वाट तोडलेली असते. पुढच्यापासून दोन मीटरवर असलेला मनुष्य ब्रेक दाबण्याआधीच हिशेब चुकवून बसतो. मोटारीचा पत्रा चेपतो इतकेच. स्कूटरवर मागे बसलेल्या बाईला मात्र चेपण्याजोगा पत्राच नसतो.

एवढी जवळीक करून वेळ तरी वाचतो काय? जपानातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा गमतीचा आहे. २३० मीटरच्या वर्तुळावर बावीस मोटारी ठेवून सर्वांना ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने चालवावयास सांगितले. वाटेत अडथळा नाही, चौक नाही. तरी थोड्याच वेळात एकाने किंचित वेग आवरला, मागच्याने त्याहून अधिक, त्याच्या मागच्याने त्याहूनही अधिक, आणि अखेर कोणी तरी पार थांबला. कोंडीची ती लाट रांगेतून मागे मागे सरकत राहिली. पुढे मोकळी जागा असलेला चालक ब्रेक न लावता नुसता वेग सोडतो. लाट त्याच्यापाशी ओसरते.

‘जागा सोडली की दुसरा घुसतो’ ही तक्रार खरी आहे. तिचाही हिशेब करू. आत शिरलेल्या एका वाहनामागे पुन्हा दोन सेकंदांचे अंतर पाडावयाचे, तर दोनच सेकंद जातात. केशवापुरापासून विद्यानगरापर्यंत दहा जण घुसले तर वीस सेकंद. धारवाड रस्त्यावर २०१८ पासून ‘चिगरी’ बसगाड्यांना स्वतंत्र मार्गिका मिळाली, तेथे हा जाच पुष्कळ कमी झाला. इतरांना आपल्या नशिबाची मार्गिका शेजाऱ्यांसह वाटून घ्यावी लागते.

दोन सेकंद मोजण्यास घड्याळाची गरज नाही. पुढची गाडी रस्त्याकडेच्या विजेच्या खांबापाशी आली की मनात सावकाश म्हणावे, एकशे एक, एकशे दोन. हे म्हणून होण्यापूर्वी आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे. जूनच्या पहिल्या सरीने रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा राडा होतो. त्या दिवसांत एकशे चारपर्यंत मोजावे.