जुना कॅमेरा आणि लिंबची विहीर

आजोबांचा आग्फा क्लिक माळ्यावर पडला असेल, तर खाली काढा. सातारा जिल्ह्यात लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. सन 1719 ते 1724 च्या सुमारास वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. मोटा थांबल्या, त्यांच्या जागा चिऱ्यांत अजून आहेत. या कॅमेऱ्यात 120 च्या रिळावर चित्रेही बाराच निघतात, मोटेमागे एक म्हणा ना! आत ऊन थोडेच उतरते. तेव्हा सूर्य माथ्यावर असता जा. झडप सावकाश मिटते, म्हणून कॅमेरा दगडावर टेकवा. शिलालेखाला फार भिडू नका. अक्षरे पुसट येतील. आणि गुरुजी, निगेटिव्ह शाळेत जपून ठेवा. उद्या एखादा चिरा ढळला, तर त्याची जागा तीवरून दाखविता येईल.