मादाम आणि दंपती

पॅरिसच्या एका बेकरीत माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या. राखाडी कोट, गळ्यात रेशमी रुमाल, त्याची गाठ सैल पण जागच्या जागी. काउंटरमागची बाई म्हणाली, ‘‘बाँजूर, मादाम.’’ आजी म्हणाल्या, ‘‘बाँजूर, मादाम,’’ आणि मगच पाव मागितला. मागे रांग वाढत होती, पण हा नमस्कार कुणी उरकला नाही. तीस वर्षं शाळेत ‘मॅडम’ ऐकून माझे कान सरावले होते. तरी ही हाक मला नवी वाटली. घरी येऊन कोश उघडला आणि शोधत शोधत येऊन थांबले ते ‘दंपती’पाशी. सत्यनारायणाला पाटावर बसतं ते आपलं दांपत्य!

‘मादाम’ म्हणजे ‘मा दाम’, माझी धनीण. हा सांधा अजून बुजलेला नाही. अनेकवचन होतं ‘मेदाम’, म्हणजे शब्दाच्या पोटातलं ‘माझी’ बदलून ‘माझ्या’ होतं. ‘दाम’ आला लॅटिन ‘डोमिना’वरून, डोमिना ‘डोमुस’वरून, आणि डोमुस म्हणजे घर. आपली घरधनीण, अक्षर न् अक्षर. या डोमुसचं सख्खं भावंड वैदिक संस्कृतात आहे, ‘दम’. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘दमे’ हे रूप येतं, ‘घरात’ या अर्थानं. दम् अधिक पती, घराचा धनी तो दंपती.

आपले जुने वैयाकरण हे मानत नाहीत. त्यांच्या मते मूळ शब्द ‘जायापती’, बायको आणि नवरा. त्यातल्या ‘जाया’चं कधी ‘जम्’ होतं, कधी ‘दम्’. अमरकोशात दंपती, जंपती, जायापती एका रांगेत बसवले आहेत. व्युत्पत्ती सुबक आहे, पण ऋग्वेदापुढे टिकत नाही. द्विवचनातला दंपती तिथे जोडपं आहेच. पण तिथेच अग्नीला एकवचनात ‘दंपती’ म्हटलंय. एकट्या अग्नीच्या नावात जाया कुठून आणायची? त्या शब्दात बायको नव्हती, घर होतं. जोडपं हा अर्थ द्विवचनानं दिला, आणि ‘दम्’चा अर्थ विसरला गेल्यावर पंडितांनी त्यात जाया शोधली, असं मी ठामपणे म्हणेन.

दुसरी हरकत लॅटिनकडून येते. ‘डोमारे’ म्हणजे माणसाळवणं, ताब्यात आणणं. आपल्या ‘दमन’चं नातं तिथं. मग डोमिना घर सांभाळणारी की दमन करणारी? एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९६९च्या ग्रंथात हा गुंता सोडवला. घर, बांधणं आणि माणसाळवणं हे तीन वेगळे धातू आहेत आणि डोमुस म्हणजे भिंती-छप्पर नसून घरातली माणसं, असं त्याचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. ‘घरी कोण कोण असतं?’ या प्रश्नातलं जे घर, ते डोमुस.

आणि म्हणूनच ‘मादाम म्हणजे लग्न झालेली बाई’ हे रूढ उत्तर मला खोटं वाटतं. दंपतीत जशी बायको नव्हती, तसा मादाममध्ये नवरा नाही. फ्रेंच क्रांतीपूर्वी मादाम हा खानदानी बायकांचा मान होता. मध्यमवर्गातली लग्न झालेली बाईही ‘मादमोआझेल’, म्हणजे धाकली धनीण. नाटककार मोलियरच्या बायकोला लोक ‘मादमोआझेल मोलियर’ म्हणत. क्रांतीनं दोन्ही शब्द पुसून ‘नागरिक’ आणलं. नेपोलियननं बादशहा झाल्यावर आईला, लेतित्सियाला, नुसतं ‘मादाम मेर’ केलं: मादाम आई. आपल्याकडच्या आईसाहेब! ती १८३६ साली रोममध्ये वारली, तोवर बादशाही जाऊन वीस वर्षं उलटली होती. नाव मात्र तेच राहिलं.

रंगभूमीनं उलटी चाल धरली. कोमेदी-फ्रान्सेज या नाट्यसंस्थेत नटी कितीही वयाची असो, मादमोआझेलच. २५ फेब्रुवारी १८३० रोजी व्हिक्टर ह्यूगोचं ‘एर्नानी’ रंगमंचावर आलं. त्यातली तरुण नायिका होती दोन्या सोल, आणि ती करणाऱ्या मादमोआझेल मार्सला एक्कावन्नावं सरलं होतं. गंमत पाहा, ‘दोन्या’ही डोमिनाचीच लेक. रंगभूमीबाहेर, फॅशनच्या जगात कोको शनेलही जन्मभर मादमोआझेल राहिली. १९५४ साली सत्तरीत तिनं बंद पडलेला आपला कपड्यांचा व्यवसाय पुन्हा उभा केला, तेव्हाही दुकानात हाक तीच. अशा बायकांना हा शब्द कमीपणाचा वाटला नाही, कारण त्यांच्या तोंडी तो ‘माझं नाव माझंच’ असं सांगत होता.

सरकारी अर्जात मात्र तो चौकशीचा शब्द झाला होता: बाई, लग्न झालंय का? २१ फेब्रुवारी २०१२च्या परिपत्रकानं अर्जांतून मादमोआझेल काढून टाकलं, आणि मादाम एकटी उरली. माझ्या मते तो जुनाच अर्थ परत आला. बेकरीतल्या त्या आजींना नवरा होता की नाही, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

डोमिनाची एक लेक आपल्या किनाऱ्यालाही लागली आहे. पोर्तुगीजांची ‘दोना’ तीच. पणजीत बसचा कंडक्टर ‘दोनापावल, दोनापावल’ अशी हाळी देतो, तेव्हा त्याच्या तोंडून आधी तीच घरधनीण येते आणि मग पावला बाईंचं नाव.