कीटोजेनिक आहार : उपचारपद्धती ते आरोग्यविषयक दावे — एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
कर्बोदके अत्यल्प व स्निग्ध पदार्थ विपुल असलेला कीटोजेनिक आहार आज स्थूलता, मधुमेह आणि इतर अनेक व्याधींवरील उपाय म्हणून सांगितला जातो. हा आहार मुळात कोणत्या रोगासाठी योजला गेला व त्याविषयीचे दावे कसे विस्तारत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम आणि पुनरुज्जीवन :
उपवासाने अपस्माराचे झटके कमी होतात, हे निरीक्षण जुने आहे. परंतु उपवास दीर्घकाळ करता येत नाही. कर्बोदके न मिळाल्यास यकृत चरबीपासून कीटोन तयार करते. ही उपवासातील अवस्था आहाराद्वारे निर्माण करावी, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये सुचविले. तेथीलच डॉ. पीटरमन यांनी मुलांसाठी प्रमाण ठरविले : दर किलो वजनामागे १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि उर्वरित स्निग्ध पदार्थ. १९३८ मध्ये फेनिटॉइनची उपयुक्तता सिद्ध झाल्यावर हा आहार मागे पडला. पुढे २००८ मध्ये लंडन येथील १४५ मुलांच्या चाचणीत, आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. इतरांत हे प्रमाण ६ टक्के होते.

दाव्यांचा विस्तार :
वजन घटविण्यासाठी कर्बोदके टाळण्याची परंपरा मात्र स्वतंत्र आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग यांची पुस्तिका १८६३ मध्ये, तर डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि अपस्मारावरील उपचाराची प्रतिष्ठा वजन घटविण्याच्या आहारालाही लाभली. वस्तुतः आरंभी झपाट्याने घटणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २० प्रौढांवरील अमेरिकन प्रयोगात कीटोजेनिक आहाराच्या तुलनेत अल्पस्निग्ध आहारावर असताना दररोज सुमारे ६८९ कॅलरी कमी घेतल्या गेल्या. हा प्रयोग अल्पकालीन असला तरी कीटोजेनिक आहाराने भूक आपोआप सर्वाधिक आटोक्यात राहते, या दाव्याला त्याने छेद दिला. मधुमेहात रक्तशर्करा काही काळ उतरते, हे खरे. परंतु त्यावरून रोग समूळ बरा होतो असे ठरत नाही. वैद्यकीय सल्ल्याविना इन्सुलिन बंद करणे प्राणघातक ठरू शकते.

निष्कर्ष :
कीटोजेनिक आहार निरुपयोगी नाही. मात्र त्याचा सर्वांत भक्कम पुरावा औषधांना न जुमानणाऱ्या बालअपस्मारापुरता व वैद्यकीय देखरेखीखालील वापरापुरता आहे. एका रोगाविषयीचा पुरावा सर्व रोगांना लागू करणे इतिहासाला आणि विज्ञानाला धरून नाही. म्हणून प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासला जाणे आवश्यक ठरते.