आधी डोळ्यांवर पट्टी, मग आकाश

ऐकायला सुरुवात करण्याआधी फोनचा ब्राइटनेस जरा कमी करा. का, ते पुढे येईलच.

गेल्या डिसेंबरात सांगलीत एका खगोल व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते छान, स्लाइड्स छान. पण आधी सत्कार, शाल-श्रीफळ, फोटो, आणि त्यासाठी लावलेल्या ट्यूबलाइट शेवटपर्यंत तशाच. तासाभराने सगळे गच्चीवर गेलो. दुर्बिणीपाशी रांग. माझ्या पुढच्या शाळकरी मुलाने डोळा लावला आणि म्हणाला, "काका, काहीच दिसत नाहीये." दोन मिनिटांत तो जिना उतरून गेलासुद्धा. आकाश होतं तिथेच होतं, पण त्याचे डोळे अजून हॉलमध्येच होते.

आता थोडं मागे जाऊ. १८९२ साली कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. म्हणजे मॅजिक लँटर्न. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. त्या काळात जगभर खगोलशास्त्राची व्याख्यानंसुद्धा अशाच कंदिलावर व्हायची. दिवा मिणमिणता, त्यामुळे हॉलमध्ये मिट्ट काळोख केल्याशिवाय पडद्यावर काही उमटायचंच नाही. मला यातली गंमत अशी वाटते की लोक व्याख्यान ऐकत असताना त्यांचे डोळे आपोआप अंधाराला सरावत होते. बाहेर पडले की आकाश तयार, डोळेही तयार.

डोळ्यांच्या या तयारीचं महत्त्व त्या काळच्या निरीक्षकांना पक्कं माहीत होतं. २२ जानेवारी १८९८. भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर तळ ठोकून होते, तर सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल. नकाशावर विजयदुर्ग ते जेऊर सरळ रेघ मारून बघा, ती आपल्या कराडच्या जवळून जाते. (आणि हो, लॉकयरनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड विसरा. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते. इथे आले ते तीस वर्षांनी.)

लॉकयरच्या मदतीला 'मेलपोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी होते. त्यातल्या काहींचं काम एवढंच, की सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचा अगदी फिकट, बाहेरचा भाग नुसत्या डोळ्यांनी पाहून चित्र काढायचं. त्यांच्या डोळ्यांवर खग्रास स्थिती येण्याआधीच पट्टी बांधलेली असायची. पट्टी सुटली की समोर एक चकती, जी आतला झगझगीत भाग झाकते. विचार करा, आयुष्यात एकदाच दिसणारं ग्रहण, आणि हा माणूस चंद्र सूर्याला गिळत असताना आंधळ्यासारखा बसलाय! कारण पुढची दोन मिनिटं वाया घालवायची नाहीत.

विज्ञान सोपं आहे. आपल्या डोळ्यात कमी उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यातलं रसायन उजेडाने मोडतं आणि पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा बघितलं की बरीचशी मेहनत पाण्यात. लाल उजेडाचा परिणाम बराच कमी होतो, म्हणून निरीक्षक टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावतात. तारांगणातसुद्धा बघा, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ पासून आहे, तिथे दिवे फट्कन घालवत नाहीत. आधी सावकाश सूर्यास्त होतो.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते प्रोजेक्टर चांगले झाले तिथे. आता ट्यूबलाइट चालू असतानाही स्लाइड दिसते, मग अंधार करायची गरज काय? वर पांढऱ्या पार्श्वभूमीच्या स्लाइड्स. बाहेरची गोष्ट वेगळीच. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या कोयनेच्या विजेने महाराष्ट्र उजळला, त्यात आपलं आकाशही उजळलं. सांगलीकडे तर ऐन निरभ्र महिन्यांत गाळप हंगाम. कारखान्यांचे रात्रभर दिवे, ट्रॅक्टरांच्या रांगा, पाचट जाळल्याचा धूर. विजेबद्दल तक्रार नाही हं, मी तिच्यावरच पोट भरतो. पण हॉलमधला अंधार तरी आपल्या हातात आहे.

जानेवारीत आम्ही सात-आठ जणांनी साताऱ्यात क्रम उलटा केला. आधी यवतेश्वरच्या वर, फोन सगळे एका पिशवीत. पोहोचल्यावर प्रत्येकाने कृत्तिका मोजल्या, मला चार दिसल्या. मग अर्धा तास नुसत्या गप्पा आणि थर्मासमधला चहा. पुन्हा मोजल्या तेव्हा सात. एक काकू म्हणाल्या आठ, आणि त्यावरून जे भांडण झालं ते खाली उतरेपर्यंत मिटलं नव्हतं. व्याख्यान त्यानंतर, खाली घरात, दिवे लावून.

तुम्हाला किती दिसतात, कळवा. मोजून झाल्यावरच फोन काढा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!