‘हे लोक असेच!’

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या वर्गातला एक मुलगा हटकून गैरहजर राही. एक वर्ष तसे गेले, दुसऱ्या वर्षीही तेच. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली आणि याची जागा रिकामी! शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता मी बोलून गेलो, “या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही हो!” मुलगा मुसलमान होता. कोणी मान डोलावली, कोणी बशीतला चहा संपवला. घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गांवर गेलो.

त्या वाक्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याच सुमारास एका ऐतिहासिक कादंबरीच्या तयारीसाठी मी अल्बेरुनीचा हिंदुस्थानावरील ग्रंथ वाचीत होतो. मी अरबीचा पंडित नव्हे. जर्मन विद्वान साखाऊ याने १८८८ साली केलेले इंग्रजी भाषांतर पुढ्यात घेऊन, शब्दकोश उशाशी ठेवून वाचणारा मी एक मास्तर. पण पहिल्या काही पानांतच त्या माणसाने माझा कान धरला.

अल्बेरुनीचा जन्म ९७३ सालचा, मध्य आशियातील ख्वारिज्म प्रांतातला. १०१७ मध्ये गझनीच्या महमुदाने तो प्रांत जिंकला आणि या ज्योतिषी-गणित्याला आपल्या राजधानीत नेले. त्याच महमुदाच्या स्वाऱ्या हिंदुस्थानावर चालू होत्या. १०२६ च्या आरंभी सोमनाथ लुटले गेले. आणि त्या धुळीत हा माणूस काय करीत होता? चाळिशी उलटल्यावर संस्कृत शिकत होता! एका वस्तूला नावे अनेक, एका शब्दाचे अर्थ अनेक, त्यात सारी शास्त्रे पद्यात, अशी त्याची तक्रार आहे. शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या वाचकांना त्याची कीव यावी! तरीही त्याने चिकाटी सोडली नाही. पतंजलीच्या योगाचे त्याने अरबीत भाषांतर केले आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरील आपला मोठा ग्रंथ पुरा केला.

ग्रंथाच्या प्रारंभीच तो एक प्रश्न घेतो. एका समाजाविषयी दुसरा समाज खोटेनाटे का सांगतो? कोणी आपल्या कुळाची थोरवी वाढविण्यासाठी, कोणी शत्रूला कमी लेखण्यासाठी, कोणी लाभासाठी, कोणी भीतीपोटी, आणि कोणी केवळ अज्ञानाने, मागच्याने सांगितले म्हणून पुढे सांगतो. हिंदूंविषयी आपल्याकडे जी पुस्तके आहेत ती बहुतेक अशीच ऐकीव, असे तो स्वकीयांना स्पष्ट बजावतो. स्वतःच्या विरुद्ध जात असले तरी सत्यच सांगावे, या कुराणातील आज्ञेचा तो तेथे आधार घेतो.

ही शिकवण त्या धर्मात आडवळणाची नव्हे. कुराणाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात एकापाठोपाठ एक अशा गोष्टी येतात : भरवशाच्या नसलेल्या माणसाने वार्ता आणली तर आधी तिची शहानिशा करा. एका समाजाने दुसऱ्याची टवाळी करू नये, कदाचित तोच अधिक चांगला असेल. नावे ठेवू नका, उगाच संशय घेऊ नका. आणि लोकांचे वेगवेगळे समाज झाले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. म्हणजे रोग आणि औषध दोन्ही जवळजवळ मांडलेली आहेत. ऐकीव बातमी, तिच्यावर टवाळी, टवाळीतून टोपणनाव, हा रोग. ओळख हे औषध.

पण औषध ठाऊक असलेला वैद्यही आजारी पडतो. अल्बेरुनी लिहितो की परक्याला तुच्छ लेखण्याची खोड सगळ्याच राष्ट्रांना आहे. आमचा वेष आणि चालीरीती सांगून हिंदू आपल्या मुलांना भिववतात, हेही तो नोंदवतो. आणि मग तोच सरसकट म्हणून जातो की हिंदू गर्विष्ठ आहेत, आपल्यासारखा देश नाही की आपल्यासारखे शास्त्र नाही असे त्यांना वाटते. वास्तविक त्याने पाहिलेला हिंदुस्थान म्हणजे मुख्यतः पंजाबचा भाग. महमुदाच्या स्वाऱ्यांनी हिंदूंची धूळधाण झाली, त्यामुळे त्यांच्या मनात मुसलमानांविषयी द्वेष बसला आणि त्यांची विद्या काश्मीर-काशीकडे सरली, हेही त्यानेच लिहिले आहे. मला वाटते, पोळलेला माणूस दार उघडीत नाही आणि बाहेर उभ्या असलेल्याला तो ताठा वाटतो.

परंतु या माणसाचा मोठेपणा असा की तो तेथेच थांबत नाही. यांचे पूर्वज असे नव्हते, असे सांगून तो वराहमिहिराची साक्ष काढतो. यवन अशुद्ध असले तरी शास्त्र जाणतात म्हणून पूज्य आहेत, असे वराहमिहिराचे मत त्याने शोधून काढले. सामान्य लोक काय मानतात आणि जाणते काय मानतात, हेही तो वेगळे करून दाखवतो. आणि हो, आपली दिवाळीसुद्धा त्याच्या ग्रंथात आहे! स्नान, नवी वस्त्रे, विडा-सुपारीची भेट, रात्री जागोजाग दिवे, आणि लक्ष्मी बळीराजाला वर्षातून एकदा मोकळे करते ही कथा. बळीचे राज्य येवो, असे आपल्या आयाबहिणी अजून म्हणतात. ही कथा केवळ दुरून दिवे पाहून कळत नाही. कोणाजवळ तरी बसून विचारावे लागते.

मी मात्र विचारले नव्हते. दिवाळीच्या दोन दिवस आधी मुलाचा सदरा आणायला मी बाजारपेठेतल्या शिलाईच्या दुकानात गेलो. मशीनवर वडील, आणि मागे दिव्याखाली काजे-बटणे करीत माझा गैरहजर विद्यार्थी! मला पाहून तो उठून उभा राहिला. मांडीवरून एक चोपडी खाली पडली. ती गणिताची होती.

“मास्तर, रागावू नका त्याच्यावर,” वडील म्हणाले. “वर्षाचं भाडं या पंधरा दिवसांत निघतं. कारागीर ठेवायची ऐपत नाही. दिवाळी झाली की धाडतो बघा शाळेत.”

म्हणजे आमच्या मुलांनी नवे कपडे घालावेत म्हणून तो मुलगा शाळा बुडवीत होता. ‘हे लोक’ म्हणजे किती लोक होते? माझ्यापुरता एक. आणि त्या एकालाही मी कारण विचारले नव्हते.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी सगळे सांगितले आणि माझे ते वाक्य चुकले होते असे म्हटले. एकाने विचारले, “कोणते वाक्य?” कोणालाच ते आठवत नव्हते. मला हायसे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. वाक्य विसरले गेले होते, परंतु त्या दिवशी डोलावलेल्या माना तशाच होत्या.