दोन डॉक्टर आणि २२.३

पुण्यातल्या रोगांचा इतिहास म्हटला की प्लेग आठवतो. १८९७, रँड, चाफेकर, गणेशखिंड. त्या रोगाला तारीख होती, खलनायक होता, गोळीचा आवाज होता, म्हणून तो शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचला. मधुमेहाला यातलं काहीच नाही. तो कुठल्या दिवशी शहरात शिरला हे कुणी सांगू शकत नाही. आयसीएमआरच्या २०२३ सालच्या अहवालानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर. या रोगाच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण मात्र पुण्यात लिहिलं गेलंय, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये.

सुरुवात एका फोटोपासून करू. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन पुरुषांचं चित्र छापून आलं. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांची आडनावं इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, दोघेही मधुमेहाचे अभ्यासक आणि दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे तक्त्यानुसार दोघेही उत्तम. पण खास एक्स-रे यंत्राने अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा तोच, आणि चरबी दुपटीहून जास्त!

बीएमआय हा तसा बिचारा आकडा आहे. एकोणिसाव्या शतकात केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने सरासरी माणूस शोधताना वजन आणि उंचीचं हे नातं मांडलं. तो डॉक्टर नव्हता आणि त्याला कुणाचा रोगही ओळखायचा नव्हता. पुढे १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. वजन हाडाचं, स्नायूचं की चरबीचं, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही. आम्ही प्रोग्रॅमर लोक रोज असे आकडे डॅशबोर्डवर लावतो आणि हिरवा रंग दिसला की निवांत होतो. ऑफिसच्या आरोग्य शिबिरातही तेच. बीएमआयच्या रकान्यात ‘नॉर्मल’ असलेला, काडीसारखे हातपाय आणि शर्टाखाली छोटंसं पोट असलेला मुलगा तिशीच्या आत ‘शुगर बॉर्डरलाइन’ हा शेरा घेऊन बाहेर येतो आणि सगळे त्याला विचारतात, काय रे, तू तर बारीक आहेस!

तर हे बारीक अंगातलं लठ्ठपण आलं कुठून?

याचा एक धागा इंग्लंडमध्ये सापडतो. १९११ पासून हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली सुइणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचं जन्मवजन वहीत लिहीत. वर्षभराने पुन्हा वजन. त्या वह्या पुढे दशकानुदशकं पडून राहिल्या. डेव्हिड बार्कर यांनी त्या उघडल्या, त्यातली बाळं म्हातारपणी कशाने गेली हे शोधलं आणि १९८९ मध्ये लिहिलं, की जन्मताना आणि वर्षाचे असताना जे सर्वांत हलके होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. तोवर हृदयविकार आणि मधुमेह हे श्रीमंत, औद्योगिक देशांचे, खाऊनपिऊन सुखी माणसांचे रोग समजले जात. बार्कर म्हणाले, मुळाशी खाण्याची चैन नसून पोटातली उपासमार असू शकते.

मग पुण्यात काय होत असेल? इथे तर हलकी बाळं ही नेहमीचीच गोष्ट. याज्ञिक यांनी साउदॅम्प्टनच्या गटाबरोबर आधी केईएममध्येच जन्मलेली चार वर्षांची मुलं तपासली. ग्लुकोज पाजल्यावर जन्मवजन कमी असलेल्यांची साखर आणि इन्सुलिन जास्त चढत होतं. चार वर्षांची मुलं! त्यांना कुठली बैठी नोकरी आणि कुठला वडापाव?

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये खरं काम सुरू झालं. (त्याच वर्षी केईएम उभं करणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढूच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे हॉस्पिटलला खेड्यात जायची सवय आधीच लागली होती.) बाईला दिवस जाण्याआधीपासून मोजमाप, गरोदरपणात ती काय खाते याची नोंद, मग बाळ जन्मताच टेप आणि चिमटा घेऊन हजर. या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी पावणेतीन किलोपेक्षाही कमी. साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण कुठे कमी? पोटातल्या अवयवांत आणि स्नायूंत खूप कमी. पाठीवरची, खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र जवळपास शाबूत. लंडनच्या फोटोतला फरक इथे पाळण्यातच दिसत होता.

अर्थ असा लावला गेला, की आईकडून कमी मिळालं की गर्भ मेंदू वाचवतो, थोडी चरबी साठवतो आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंडात काटकसर करतो. स्नायू तर साखर जाळणारी मुख्य जागा. काटकसरीत बांधलेला हा सर्व्हर शेतावर, भाकरीवर, पायी चालण्यावर निभावून नेतो. पण त्याच घरातला मुलगा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात किंवा नंतर हिंजवडीच्या खुर्चीत आला, की लोड एकदम वाढतो. दोष खुर्चीचा आहेच, पण सगळा नाही.

पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. या आयांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. दूध, अंडी, मटण यांतून येणारं हे जीवनसत्त्व. आणि सहाव्या वर्षी सर्वांत वाईट इन्सुलिन कुणाचं? ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांचं. (म्हणून कुणी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करू नये, ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी लागतेच.) म्हणजे प्रश्न नुसता किती खाल्लं याचा नाही. घरातलं दूध कुणाच्या वाट्याला येतं, शेवटी जेवायला कोण बसतं, तोही आहे. आपल्याकडे मधुमेह झालेल्या माणसाला ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणून सुनावतात. त्याच्या आजीला लेकाच्या आणि नवऱ्याच्या पानानंतर काय उरायचं, हे कुठल्याच केस पेपरवर नसतं.

ती मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के उंबरठ्यावर होती. यातल्या कितीतरी जणांचं वजन कमीच होतं. बीएमआयच्या भाषेत कुपोषित, साखरेच्या भाषेत मधुमेहपूर्व. हे दोन रोग एकाच अंगात राहू शकतात याची सोय ना आपल्या रेशनच्या कार्यक्रमात आहे, ना ऑफिसच्या शिबिरात. जागतिक आरोग्य संघटनेने आशियाई लोकांसाठी २५ च्या जोडीला २३ ही धोक्याची रेषा सुचवायला २००४ साल उजाडलं, फोटोचंच वर्ष. त्या रेषेनेही याज्ञिक यांचा २२.३ सुटतोच.

२०१२ मध्ये त्याच खेड्यांत, त्याच मुलामुलींवर ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू झाला. लग्नाआधीपासून, म्हणजे बाळ पोटात येण्याच्या कितीतरी आधी, त्यांना बी-१२ देऊन बघायचं. ज्या मुलींच्या पाठीवरची चरबी जन्मताना चिमट्याने मोजली होती, त्या आता स्वतः आया झाल्यात, आणि त्यांच्या बाळांची मोजमापं त्याच अभ्यासाच्या वह्यांत चढलीत.