शेळी विण्याच्या जवळ आली हे कसे ओळखावे?

डहाणूचा पूर्व भाग आणि तलासरी तालुक्यातील पाड्यांवर अनेकांच्या दारात दोन-चार शेळ्या असतात. अडचणीला विकता येणारी ती घरची ठेव असते. बहुतेक शेळ्या आपोआप सुखरूप वितात. मात्र एखादी अडली, तर पाड्यावरून रस्त्यापर्यंत येणे, फोन लागणे आणि डॉक्टर पोहोचणे यात बराच वेळ जातो. म्हणून विण्याची लक्षणे आधीच ओळखून त्या दिवशी शेळी घराजवळ ठेवणे महत्त्वाचे आहे.

आधी तारीख लिहा

शेळीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा असतो. १४५ ते १५५ दिवसांत वीत होणे सामान्य आहे. बोकड दाखवल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. उदाहरणार्थ, १ जूनला फळलेली शेळी साधारण २९ ऑक्टोबरला विते. तिच्यावर २४ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या काळात लक्ष ठेवावे लागते. नेमकी हीच भातकापणीची वेळ असते. सगळे घर शेतावर आणि शेळी रानात, असे होऊ नये म्हणून कामाची वाटणी आधीच करा. १ मार्चला फळलेली शेळी जुलैच्या शेवटी, भर पावसात विते. तिच्यासाठी कोरडी जागा आधीपासून तयार हवी.

कळपात बोकड मोकळा फिरत असेल आणि तारीख माहीत नसेल, तर पुढील लक्षणांवरच भर द्यावा लागतो.

शेवटचा महिना ते शेवटचा आठवडा

- कास हळूहळू भरू लागते. पहिलारू शेळीत हा बदल लवकर दिसतो.
- पोट खाली उतरते आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना खड्डे दिसू लागतात.
- निरण सुजल्यासारखे व सैल होते.
- शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेले बंध सैल पडू लागतात.

या बंधांची तपासणी घरीच करता येते. पाठीच्या कण्यावरून अंगठा आणि बोट शेपटीकडे सरकवत न्या. शेपटीच्या थोडे आधी, दोन्ही बाजूंना पेन्सिलीएवढे जाड व ताठ बंध हाताला लागतात. शेवटच्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ हात लावून पाहा. बंध मऊ होत जातात. ते हाताला लागेनासे झाले, तर शेळी बहुधा २४ तासांत विते. गाभण नसताना एकदा हात लावून पाहिला असेल, तर फरक लगेच कळतो.

शेवटचा दिवस

- कास ताठ व चकचकीत होते, सड भरतात. काही शेळ्यांची कास मात्र व्यायल्यावरच पूर्ण भरते, म्हणून केवळ कासेवर विसंबू नका.
- निरणातून पारदर्शक किंवा पिवळसर, चिकट दोरीसारखा सोट लोंबतो.
- शेळी कळपापासून बाजूला जाते, चारा सोडते, पुढच्या पायाने जमीन उकरते.
- सारखी उठबस करते, मागे वळून पोटाकडे पाहते, हळू आवाजात ओरडते.

यातील दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, तर त्या दिवशी शेळी चरायला सोडू नका. वारा व पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात भाताचा कोरडा पेंढा पसरा. पिण्याचे पाणी ठेवा, कुत्री दूर ठेवा. कोरडे फडके, टिंक्चर आयोडीन आणि हात धुण्यासाठी साबण जवळ ठेवा. फोन चार्ज करून ठेवा आणि रेंज कुठे मिळते ते पाहून ठेवा.

वीत सुरू झाल्यावर

सुरुवातीची अस्वस्थता काही तास चालते. पहिलारू शेळीत ती १२ तासांपर्यंतही असू शकते. त्यानंतर शेळी जोराने कळा देऊ लागते. ती वेळ घड्याळात पाहून लक्षात ठेवा. आधी पाण्याची पिशवी दिसते, मग पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेले नाक. ही करडाची योग्य स्थिती आहे. मागचे दोन्ही पाय आधी आले, तरी करडू बाहेर येऊ शकते, पण लक्ष जास्त द्या. सगळे ठीक चालले असेल तर पिशवी फोडू नका, करडू ओढू नका.

डॉक्टरांना लगेच कधी बोलवावे?

- जोराच्या कळा अर्धा तास येऊनही काहीच पुढे सरकत नसेल.
- फक्त डोके, फक्त शेपटी किंवा एकच पाय दिसत असेल.
- एक करडू झाल्यावर अर्धा तास कळा सुरू असूनही दुसरे येत नसेल.
- निरणातून भरपूर लाल रक्त किंवा दुर्गंधीयुक्त तपकिरी स्राव येत असेल.
- मायांग बाहेर आले असेल.
- शेवटच्या महिन्यात शेळी खाणे सोडून मलूल पडली असेल. पोटात जुळी करडे असलेल्या शेळीत हा धोका जास्त असतो.

पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांकही फोनमध्ये जतन करा. दिवस भरण्याआधीच गर्भ पडला, तर गर्भ व जार उघड्या हाताने उचलू नका आणि गरोदर बाईला तिथे जाऊ देऊ नका. असा गर्भपात माणसाला लागणाऱ्या रोगामुळेही झालेला असू शकतो.

व्यायल्यावर

करडाचे नाक-तोंड पुसा, शेळीला ते चाटू द्या. पावसाळ्यात फडक्याने अंग घासून कोरडे करा, कारण ओले करडू गारठून दगावते. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. पहिल्या अर्ध्या ते एका तासात चीक पाजा. २ किलोच्या करडाला दिवसभरात साधारण २०० मिली चीक थोडा थोडा करून मिळायला हवा. जार सहसा काही तासांत पडतो. तो ओढू नका, वजन बांधू नका. १२ तासांत पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

गाभण शेळीचा आहार आणि लसीकरणाबाबत पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकारी किंवा डहाणूतील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.